साखरेचा डबा आणि सदसद्विवेकबुद्धी: खर्च करताना ख्रिस्ती माणसाने किती विचार करायचा?

दसरा उलटला की बीड, जालना, पाथर्डीकडची बिऱ्हाडं ट्रॅक्टर-ट्रकांमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की त्यांच्याबद्दलच्या बातम्याही दरवर्षी येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत नाही, आजारपणात खाडा झाला तर दंड कापला जातो, पोरं शाळेऐवजी फडात दिसतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली. तिच्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली असल्याचं नोंदवलं होतं. पाळी आणि दुखणी यांमुळे खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं.

याच हंगामात नाताळ येतो. आमच्या घरांमध्ये करंज्या, कुलकुल, केक होतात आणि साखर किलोकिलोने आणली जाते. मग कुणीतरी विचारतंच, "हे सगळं माहीत असूनही आपण साखर घ्यायची का? घेतली तर पाप लागतं का?" साखरेच्या जागी दोनशे रुपयांचा टी-शर्ट, चॉकलेट किंवा मोबाईल ठेवला तरी प्रश्न तोच राहतो.

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं: बाजारात मिळतं ते घ्यावं, मागचं आपल्याला काय करायचंय? दुसरं: असलं काही घेऊच नये. पहिल्याने मन गप्प बसतं आणि दुसरं आठवडाभरही पाळता येत नाही. ख्रिस्ती परंपरेने मात्र या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे.

आधी सदसद्विवेकबुद्धीबद्दल

चांगलं काय, वाईट काय हे ओळखून "हे कर", "हे करू नकोस" असं आतून सांगणारी शक्ती म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. ख्रिस्ती शिकवणीनुसार ती देवाने दिलेली आहे, पण जन्मतः पूर्ण तयार नसते. तिला माहिती लागते, सवय लागते. म्हणूनच "माझ्या मनाला टोचत नाही, म्हणजे त्यात काही वाईट नाही" हा युक्तिवाद चर्चने कधी मानलेला नाही. न टोचण्याचं कारण इतकंच असू शकतं की आपण कधी तिकडे पाहिलेलंच नाही.

उलट टोकालाही धोका आहे. काही जणांना प्रत्येक गोष्टीत पाप दिसतं. दुकानात उभं राहून ते स्वतःलाच छळत राहतात. याला धर्मशिक्षणात शंकेखोर विवेक म्हणतात आणि तो आध्यात्मिक प्रगतीचं नव्हे, आजारपणाचं लक्षण मानला जातो.

करिंथच्या बाजारातलं मटण

खरेदी आणि विवेक यांच्याबद्दल बायबलमधली सगळ्यात सविस्तर चर्चा प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, आठव्या ते दहाव्या अध्यायात. पत्राचा काळ इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमाराचा. करिंथ हे ग्रीसमधलं व्यापारी बंदर होतं. तिथल्या देवळांत बळी दिले जात आणि त्यातलं मांस पुढे बाजारात विकायला येई. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपुढे पेच पडला: हे मटण घ्यायचं का?

मंडळीत दोन तट पडले. काही म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग मांसाला काय होतंय? दुसऱ्यांचं अख्खं आयुष्य त्या देवळांत गेलं होतं. त्यांना तो घास गिळवत नव्हता. (प्रसाद घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना शेजारधर्मापोटी पडतो, तेव्हा याच अध्यायांकडे वळलं जातं.)

पौलाचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. बाजारात जे विकतात ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. पण समोरच्या कुणी सांगितलं की हे बळीचं आहे, तर खाऊ नका. ज्याने सांगितलं त्याच्यासाठी आणि विवेकासाठी. आणि पुढे तो मुद्दाम स्पष्ट करतो: विवेक म्हणजे तुझा नव्हे, त्या दुसऱ्याचा.

माझ्या मते सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे. माझे हात स्वच्छ राहिले का, हा पौलाचा प्रश्नच नाही. मांसात विष नव्हतं, खाणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. माझ्या या खाण्याने दुसऱ्या माणसाचं काय होतं, हे तो विचारतो.

पण "चौकशी करू नका" असं पौलच म्हणतो ना?

म्हणतो, आणि हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. पण पौल कुठल्या गोष्टीची चौकशी करू नका म्हणतो ते पाहायला हवं. त्या मांसाला मूर्तीचा विटाळ लागला आहे का, याची. विटाळाची ती भीती त्याला लोकांच्या मनातून काढायची होती. कसायाने नोकराची मजुरी बुडवली का, हा प्रश्न तिथे नव्हताच.

मजुरीच्या प्रश्नावर बायबल कधीच गप्प बसलेलं नाही. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नकोस, असं लेवीय १९:१३ सांगतं. आमोस संदेष्टा खोट्या तराजूने विकणाऱ्यांवर आणि जोड्याच्या मोलाने गरिबाला विकत घेणाऱ्यांवर तुटून पडतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर शेत कापणाऱ्यांची बुडवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानापर्यंत जाते. कापणी करणाऱ्यांची मजुरी. ऊसतोडणीच्या बातम्या वाचताना हे वचन आठवलं नाही, असा ख्रिस्ती वाचक विरळाच.

म्हणजे विटाळाची चौकशी नको, अन्यायाची हवी. या दोन्हींची गल्लत झाली की पौलाच्या नावावर डोळे मिटून खरेदी करणं सोपं होतं.

दोष कुणाचा आणि किती?

समजा, शेजारच्या वस्तीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली. एकाने चोरायला सांगितलं. दुसऱ्याने माहीत असून टेम्पो दिला. तिसऱ्याने "एवढी स्वस्त कशी?" असं न विचारता अर्ध्या किमतीत ती घेतली. चौथ्याने त्या मोटरीच्या पाण्यावर पिकलेली मेथी आठवडी बाजारातून आणली. चोरीशी चौघांचाही संबंध आहे, पण चौघे सारखे दोषी आहेत असं कुणीच म्हणणार नाही.

कॅथलिक नीतिशास्त्राने याच समजुतीला नीट आकार दिला. अठराव्या शतकातले इटलीचे संत आल्फोन्स लिगोरी यांचं या विषयावरचं काम आजही प्रमाण मानलं जातं. दुसऱ्याच्या वाईट कृत्यात आपला हातभार लागला तर पहिल्यांदा पाहायचं की ते कृत्य व्हावं अशी आपली इच्छा होती का. असेल तर तो हेतूचा सहभाग आणि तो नेहमीच चूक. इच्छा नसेल, पण कृतीतून हातभार लागत असेल, तर तो जवळचा की लांबचा, त्याला पर्याय होता का आणि तो करण्यामागचं कारण किती मोठं, हे तोलायचं. सहभाग जितका जवळचा, तितकं मोठं कारण हवं.

किराणा दुकानातून साखर घेणारी गृहिणी त्या मेथी आणणाऱ्याच्या जागी आहे. मजुराच्या शोषणाची तिला इच्छा नाही; तिच्या आणि त्या फडाच्या मध्ये दुकानदार, व्यापारी, कारखाना, वाहतूकदार आणि मुकादम आहेत. साखर घेणं हे तिच्यासाठी पाप नाही. हे स्वच्छ शब्दांत सांगायला हवं, कारण अनेक साध्या भाविकांच्या डोक्यावर नसतं ओझं ठेवलं जातं.

पण पाप नाही म्हणजे संबंध नाही, असंही नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या परिपत्रकात म्हटलं की खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे, तर नेहमीच नैतिक कृतीही असते. संबंध लांबचा असला तरी तो मोठ्या संख्येने जोडला गेला की त्यात ताकद येते. हे एकदा घडलेलंही आहे, आणि तेही साखरेच्याच बाबतीत.

साखर सोडलेली घरं

एप्रिल १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेत गुलामांचा व्यापार बंद करण्याचं खासदार विल्बरफोर्स यांचं विधेयक १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडलं. संसद ऐकत नाही म्हटल्यावर त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात हिशेब होता: आठवड्याला पाच पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने वेस्ट इंडिजची, गुलामांनी पिकवलेली साखर एकवीस महिने सोडली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मृत्यूतून वाचेल. पुस्तिकेच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. गुलामीविरुद्ध प्रचार करत देशभर फिरलेल्या थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे तीन लाख लोकांनी ती साखर टाकली. त्यांत क्वेकर आणि इतर पंथांचे ख्रिस्ती पुष्कळ होते, आणि घरची साखर बंद करण्याचा निर्णय अर्थातच बहुतेक ठिकाणी बायकांचा होता. मत देण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण साखरेचा डबा त्यांच्या ताब्यात होता.

एका बहिष्काराने गुलामी संपली नाही. व्यापारबंदीला १८०७ उजाडलं, ब्रिटिश वसाहतींमधल्या गुलामीविरुद्धचा कायदा व्हायला १८३३. मधल्या काळात १८२० च्या दशकात लेस्टर शहरात एलिझाबेथ हेरिक आणि त्यांच्या सहकारी बायका दारोदार फिरून पुन्हा तोच आग्रह धरत होत्या.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये साखरेची भांडी विकायला आली, त्यांवर लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली. म्हणजे भारताची साखर हा स्वच्छ पर्याय ठरला होता! कंपनी सरकारच्या अमलाखाली इथला शेतकरी कसा पिळला जात होता, ते त्या भांड्यावर लिहिलेलं नव्हतं. पर्यायी वस्तूच्या मागेही माणसंच असतात, हे तेव्हाही खरं होतं आणि आज "नैतिक" असं लेबल लावलेल्या महागड्या वस्तूंबाबतही खरं आहे.

या सगळ्यांच्या आधीचा एक माणूस मला फार जवळचा वाटतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे जॉन वूलमन हे क्वेकर शिंपी आणि दुकानदार होते. गुलाम बाळगणाऱ्या घरी पाहुणे म्हणून उतरावं लागलं की निघताना ते गुलामांच्या सेवेचे पैसे मोजत. यजमानाला ते अवघड वाटे, पण वूलमन भांडत नसत. जेवण ज्याने वाढलं त्याच्या हातात नाणी ठेवत, किंवा त्याला देण्यासाठी यजमानाकडे सोपवत. वस्तू नाकारणं त्यांनीही केलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ते बिनरंगी कपडेच घालत. पण मला महत्त्वाची वाटते ती नाण्यांची गोष्ट. ज्याची मजुरी बुडत होती, त्याच्यापर्यंत ते स्वतः पोचत होते. १७७२ मध्ये इंग्लंडात यॉर्क इथे देवीच्या रोगाने ते वारले.

किलोभर साखरेत तोडणाऱ्याचे किती?

आता आपल्या डब्याकडे येऊ. एक टन उसातून साधारण शंभर किलो किंवा थोडी जास्त साखर निघते. २०२४ च्या सुरुवातीच्या करारात तोडणीची मजुरी टनामागे साडेतीनशे रुपयांच्या आसपास ठरली. ढोबळ हिशेबाने किलोभर साखरेत ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरणाऱ्या जोडप्याचे साडेतीन रुपये येतात. या जोडप्याला हिशेबात एक "कोयता" धरतात; दोन माणसं, एक कोयता.

महिन्याला चार किलो साखर लागणारं घर वर्षाला अठ्ठेचाळीस किलो घेतं. त्यातली तोडणी मजुरी सुमारे एकशे सत्तर रुपये. ती दुप्पट केली आणि सगळा बोजा ग्राहकावर टाकला, तरी घरामागे महिन्याला पंधरा रुपयेसुद्धा वाढत नाहीत.

हे पंधरा रुपये द्यायला कुणाची ना असेल? अडचण अशी की ते देण्याची सोयच नाही. दुकानात "तोडणाऱ्याला पुरती मजुरी दिलेली साखर" वेगळी मिळत नाही. म्हणून साखरेच्या बाबतीत ख्रिस्ती माणसाचा विवेक दुकानापाशी थांबून भागत नाही. कारखान्याच्या सभासदाच्या खुर्चीत, ग्रामसभेत, मतदानात आणि चर्चच्या कामात त्याला जावं लागतं.

आणि ही खुर्ची आमच्यापासून लांब नाही. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे हा साखरेचा पट्टा आणि मराठी ख्रिस्ती वस्तीचाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते, लाखो लोक येतात. त्याच हरेगावात बेलापूर कंपनीचा जुना साखर कारखाना होता. सहकारी कारखान्याचा जो ख्रिस्ती शेतकरी सभासद आहे, तो मेथी आणणारा राहत नाही. तो टेम्पोवाल्याच्या जवळपास येतो. कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर कोप्यांवरचं (मजुरांच्या झोपड्यांवरचं) पाणी, संडास, पाळणाघर आणि खाड्याचा दंड यांबद्दल विचारण्याचा हक्क त्याला आहे. घरातली साखर बंद करण्यापेक्षा त्याचा हा एक प्रश्न किती तरी मोलाचा.

बहिष्काराने मजुराचंच पोट मारलं जाणार नाही का?

जाऊ शकतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही. नुसत्या भीतीने बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांनी पन्नास हजारांच्या घरात मुलांना काढून टाकलं, असा अंदाज आहे. त्यांतली अनेक मुलं शाळेत न जाता दगड फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांत गेली, हे युनिसेफने नंतर नोंदवलं. हेतू चांगला होता, पण त्या मुलांचं पुढे काय, हे आधी कुणी विचारलं नव्हतं.

त्याच देशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून जास्त कामगार मेले. तेव्हा दबाव वेगळ्या प्रकारे आला. कामगार संघटना आणि दोनशेहून जास्त ब्रँड यांच्यात बंधनकारक करार झाला. कारखान्यांची तपासणी सुरू झाली, जिने, तारा, खांब दुरुस्त करायला लावले. माल घेणं चालू राहिलं, पण अटींवर. मजूर जिथे बहिष्कार मागत असेल तिथे तो टाकावा. तो मागत नसताना आपल्या मनाच्या समाधानासाठी टाकू नये. पुन्हा पौलाचाच प्रश्न: विवेक कुणाचा?

स्वस्त घेऊन उरलेलं दान केलं तर?

दशांश देणाऱ्या, अर्पणाची पाकिटं न चुकवणाऱ्या घरांतून हा प्रश्न येतो. मेथॉडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांचं सूत्र प्रसिद्ध आहे: जितकं मिळवता येईल तितकं मिळवा, जितकं वाचवता येईल तितकं वाचवा, जितकं देता येईल तितकं द्या. लोक ते उचलतात आणि पहिल्या भागाच्या अटी गाळतात. शेजाऱ्याच्या शरीराचं, मालमत्तेचं किंवा आत्म्याचं नुकसान करून मिळवू नका, असं वेस्लींनी त्याच प्रवचनात लांबलचक सांगितलं आहे. यशयाचा ५८ वा अध्याय त्याहून कडक आहे. उपवासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता, मग देवाने तुमचा उपवास का पाहावा, असं तो विचारतो. एका मजुराच्या घामातून कापलेला पैसा दुसऱ्या गरिबाला दिला, तर पहिल्याचं देणं तसंच राहतं.

ज्याच्याकडे पैसाच नाही त्याने?

त्याच्यावर हा बोजा टाकू नये. हातावर पोट असलेला माणूस सगळ्यात स्वस्त साखर, सगळ्यात स्वस्त चप्पल घेतो, कारण दुसरा मार्ग नसतो. नीतिशास्त्राच्या भाषेत त्याच्याकडे पर्याय नाही आणि कारण मोठं आहे. विवेकाचा हिशेब ऐपतीप्रमाणे वाढत जातो.

सगळ्यात जवळचा खर्च

लांबच्या फडाची काळजी करताना जवळचे व्यवहार नजरेतून सुटतात, आणि तिथेच आपला सहभाग सर्वांत थेट असतो. मध्ये व्यापारी नाही, मुकादम नाही, मुकादम आपणच. घरकामाच्या मावशींना महिन्यात किती सुट्ट्या? आजारी पडल्या तर पगार कापायचा का? तो कापणं आणि खाड्याचा दंड यांत फरक किती? मॉलमध्ये छापील किंमत मुकाट मोजणारा हात कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपयांसाठी का अडतो? सूर्य मावळायच्या आत मजुरी दे, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात आहे. रंगाऱ्याला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणताना ते आपल्यालाच उद्देशून आहे.

आणि चर्च स्वतःसुद्धा एक मोठं गिऱ्हाईक आहे. सणाचे टी-शर्ट, यात्रेचा मंडप, जेवणाचं कंत्राट, इमारतीची दुरुस्ती, ख्रिस्ती संस्थांच्या शाळा-दवाखान्यांतले सफाई कामगार आणि गेटवरचा पहारेकरी. यांतलं पुष्कळसं काम आता कंत्राटदारामार्फत होतं आणि कंत्राट सगळ्यात कमी दराच्या निविदेला जातं. तो दर कमी कुणाच्या पगारातून झाला, हे विचारलं जात नाही. मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवतात तेव्हा बहुतेकदा "मंजूर" म्हणून हात वर होतात. तिथे कुणीही उठून तीन गोष्टी विचारू शकतो: पहारेकऱ्याच्या हातात महिन्याला प्रत्यक्ष किती पडतात, ते किमान वेतनाइतके आहेत का, आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी कंत्राटदार खरोखर भरतो का. उत्तर लगेच मिळालं नाही, तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत ते प्रश्न लेखी घालायला सांगायचं.